तळाच्या दोन ओळी

मागच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलची गोष्ट. ऑपरेटिंग सिस्टिम्सची लॅब. बाहेर व्हरांड्यात पुढची बॅच जर्नलं छातीशी धरून उभी, आत आम्ही. चिठ्ठी उचलायची, जो प्रोग्रॅम येईल तो लिहायचा, चालवून दाखवायचा, मग ओरल. माझ्या शेजारच्या मशीनवर आमच्याच बॅचमधला एक मुलगा बसला होता. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियम. त्याला चिठ्ठी आली ती अगदी लॉटरीच म्हणायची : दिलेला आकडा सम की विषम ते सांगणारा शेल स्क्रिप्ट. सहा-सात ओळींचा मामला. त्याने वहीच्या मागच्या पानावर दोन मिनिटांत लिहून काढला, तोही बरोबर.

मग लॅब मॅन्युअलमध्ये छापलंय तसा त्याने 'व्हीआय' उघडला. सेमिस्टरभर हा ग्रुपमध्ये असायचा, टायपिंग दुसराच कोणी करायचा. स्वतः हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. समोर काळा पडदा आणि डाव्या बाजूला लाटांसारखी चिन्हं, एकाखाली एक. कुठेही एक शब्द नाही. त्याने 'रीड एन' टाइप केलं. मशीन एकदा टुंग वाजलं आणि पडद्यावर उमटलं फक्त 'डी एन'. कारण व्हीआय उघडल्याबरोबर तुम्ही टाइप करता ती अक्षरं नसतात, हुकूम असतात! 'आर' म्हणजे खालचं अक्षर बदल, त्याला 'ई' मिळालं, पण बदलायला काही नव्हतंच म्हणून टुंग. 'ए' म्हणजे इथून पुढे लिहायला लाग. आणि मग उरलेलं 'डी एन' इमानदारीत लिहिलं गेलं. चूक दुरुस्त करायला त्याने ॲरो की दाबली तर पडद्यावर 'डी', 'ए', 'बी' अशी अक्षरं उमटायला लागली. (उबुंटूमध्ये जो छोटा व्हिम येतो तो 'व्हीआय' या नावाने उघडला की जुन्या व्हीआयसारखा वागतो आणि हा प्रकार होतो. हे मला नंतर कळलं. त्याला तेव्हा कळायचा प्रश्नच नव्हता.)

कसाबसा प्रोग्रॅम लिहून झाला. आता बाहेर कसं पडायचं? कंट्रोल-झेड दाबलं आणि प्रॉम्प्ट परत आला. गडी खूश. पण कंट्रोल-झेड म्हणजे बंद नव्हे, नुसतं झोपवणं. फाईल सेव्हच झाली नव्हती. स्क्रिप्ट चालवायला गेला तर अशी फाईलच नाही. पुन्हा व्हीआय उघडला तर इंग्रजीतली भली मोठी सूचना : ॲटेन्शन, स्वॅप फाईल सापडली वगैरे वगैरे. त्याने ती तीनदा वाचली. तेवढ्यात एक्स्टर्नल सर मागे येऊन उभे राहिले.

आणि मी हसले. खोटं कशाला बोलू? "एवढं पण येत नाही?" असं मोठ्याने म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर तेच असणार.

त्याला पासिंगपुरते मार्क मिळाले. संध्याकाळी कँटीनमध्ये तो म्हणाला, "ते लिनक्स-बिनक्स तुमच्यासाठी ठीक आहे गं. आपलं काम नाही ते." हे वाक्य मला चांगलंच टोचलं. कारण प्रोग्रॅम त्याला येत होता. त्याला येत नव्हतं ते एवढंच, की या खोलीचं दार कुठे आहे. आणि ते खोलीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते. माऊस नाही, बटणं नाहीत, नुसती अक्षरं असलेल्या काळ्या खिडकीत फाईल लिहायची तर जो प्रोग्रॅम लागतो तो टर्मिनल एडिटर. सर्व्हरवर काम करायचं, दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं, तर कधी ना कधी त्याच्याशी गाठ पडतेच. यातले दोन सगळ्यांच्या ओळखीचे. एक व्हीआय आणि त्याचा मोठा झालेला अवतार व्हिम. दुसरा नॅनो. नॅनो उघडलात की खाली दोन ओळींत लिहिलेलं दिसतं : या बटणाने मदत, याने सेव्ह, याने शोधा, याने कट, याने बाहेर. बस, एवढाच फरक. पण त्या दोन ओळींवरून आमच्या कट्ट्यावर जी भांडणं होतात, ती क्रिकेटवरून पण होत नाहीत.

"नॅनो? ते तर बच्चा लोकांचं." हे एका सिनियरचं वाक्य. माझं म्हणणं असं, की त्या दोन ओळी बच्चा लोकांसाठी नाहीत. त्या पहिल्यांदा येणाऱ्यासाठी आहेत, आणि पहिल्यांदा तर प्रत्येकच जण येतो.

आता व्हीआयवाल्यांची बाजू आधी मांडते, कारण ती खरंच भारी आहे. व्हीआय लिहिला बिल जॉयने, १९७६ च्या सुमारास, कॅलिफोर्नियात बर्कलीला विद्यार्थी असताना. घरी त्याच्याकडे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल आणि ३०० बॉडचा मॉडेम. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं पलीकडून येणार. आता हिशोब करा. ८० कॉलम गुणिले २४ ओळी म्हणजे १९२० अक्षरं. एक पडदा भरायला ६४ सेकंद! नॅनोसारख्या दोन पूर्ण ओळी नुसत्या काढायच्या म्हटलं तरी पाच सेकंदांच्या वर. अशा वेळी जो माणूस पडद्यावर एकही जादा अक्षर पाठवत नाही आणि प्रत्येक हुकूम एका-दोन अक्षरांत बसवतो, तो माजोरी नाही, तो चांगला इंजिनियर आहे.

आणि याहून मजेची गोष्ट. व्हीआयमध्ये कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरं का, असा प्रश्न प्रत्येकाला पडतो. एडीएम-३ए च्या कीबोर्डवर त्या चार बटणांवर बाण छापलेले होते! वेगळ्या ॲरो कीज नव्हत्याच. एस्केपचं बटण, जे आपल्याकडे कोपऱ्यात जाऊन बसलंय, ते त्यावर आज जिथे टॅब आहे तिथे होतं, करंगळीच्या अगदी शेजारी. म्हणजे बिल जॉयने सूचना दिलीच नव्हती असं नाही. कर्सर हलवण्याची सूचना कीबोर्डवरच छापलेली होती. आपण तो कीबोर्ड भंगारात काढला, हुकूम मात्र तसेच ठेवले, आणि आता ते पाठ नसणाऱ्याला हसतो.

मॉडेमही गेला. आमच्या लॅबमधलं सगळ्यात रडकं मशीनसुद्धा तो पडदा डोळ्याची पापणी लवायच्या आत भरतं. कारण संपलं, सवय राहिली.

बरं, त्या काळात सगळेच गप्प बसणारे होते असंही नाही. १९७८ मध्ये वर्डस्टार आला. डॉसच्या जमान्यात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासेसमध्ये तो शिकवायचे, माझे काका अजून त्याच्या आठवणी काढतात. त्यात पडद्याच्या वरच्या भागात हुकमांची यादी असायची, आणि ती किती दिसावी ते तुम्ही ठरवायचं. मदतीच्या पातळ्या होत्या, तीनपासून शून्यापर्यंत. नवीन असाल तर तीनवर ठेवा, सगळं दिसेल. हात बसला की खाली आणा, यादी गायब, लिहायला जागा जास्त. मला सगळ्यात आवडली ती यातली एक बारीक सोय. कंट्रोल-के दाबून पुढचं अक्षर पटकन मारलंत तर काम होऊन जायचं, काही दिसायचं नाही. पण कंट्रोल-के दाबून तुम्ही अडखळलात, तर पुढे काय काय दाबता येतं त्याची यादी समोर यायची. म्हणजे आपण अडलोय हे प्रोग्रॅमला कळायचं! सांगा, ही गोष्ट पन्नासेक वर्षांपूर्वीची वाटते का?

आणि टर्बो सी विसरून कसं चालेल! ती निळी खिडकी. कितीतरी इंजिनियरांचं पहिलं 'हॅलो वर्ल्ड' तिच्यात लिहिलं गेलंय. तिच्यावर टीका करावी तेवढी थोडी, कंपायलर जुनाट, ग्राफिक्सच्या नावाने बोंब. पण तिच्या तळाशी एक राखाडी पट्टी होती : एफ-वन मदत, एफ-टू सेव्ह, एफ-थ्री ओपन, ऑल्ट-एफ-नाईन कंपाइल. टर्बो सीमधून बाहेर कसं पडायचं म्हणून कोणी रडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तिथे डोकं खाल्लं ते पॉइंटर्सनी, आणि तेच बरोबर आहे. अडायचंच तर माणसाने विषयात अडावं, दारात नाही.

आता नॅनो. त्याचा इतिहास मोठा नाही. अमेरिकेत सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये पाइन नावाचा ई-मेल प्रोग्रॅम सुरू झाला. त्यात पत्र लिहिण्यासाठी जो एडिटर होता तो पिको. ई-मेल काय फक्त कॉम्प्युटरवाले पाठवत नाहीत, त्यामुळे तळाशी दोन ओळी. पुढे पिकोचं लायसन्स मुक्त सॉफ्टवेअरच्या नियमांत बसेना, म्हणून ख्रिस अ‍ॅलेग्रेट्टाने १९९९ मध्ये तसाच दिसणारा एडिटर नव्याने लिहायला घेतला. २००० च्या जानेवारीत त्याचं नाव नॅनो झालं. पिकोच्या हजारपट मोठा तो नॅनो, असा हा आपल्या फिजिक्सवाल्यांचा विनोद.

पण मी नॅनोची भक्त नाही हं. त्या दोन ओळी नीट वाचल्यात का कधी? प्रत्येक अक्षराआधी ^ अशी टोपी असते. ही टोपी म्हणजे कंट्रोल, हे कुठे लिहिलंय? माझ्या धाकट्या बहिणीने शिफ्ट आणि सहा दाबून आधी टोपी काढली, मग एक्स दाबला, आणि फाईलमध्ये टोपी आणि एक्स दोन्ही उमटले. बिचारीने सूचना शब्दशः पाळली होती! तसंच 'एम' आणि आडवी रेघ म्हणजे मेटा, आणि मेटा म्हणजे आपला ऑल्ट. मेटा नावाचं बटण मी जन्मात पाहिलेलं नाही.

आणि निवड बघा. साध्या ८० कॉलमच्या खिडकीत नॅनोला बारा सूचना दाखवायला जागा मिळते. त्यात 'जस्टिफाय' आहे, म्हणजे परिच्छेद नीट जुळवणं. शेल स्क्रिप्ट लिहिताना ते चुकून दाबलं गेलं तर सगळ्या ओळी एकमेकींच्या गळ्यात पडतात. आणि ती चूक मागे घेणारं 'अनडू' त्या बारांत नाही! खिडकी रुंद केलीत तर ते दिसतं. हल्लीच्या नॅनोत कंट्रोल-एस ने सरळ सेव्ह होतं, पण तळाला लिहिलेलं असतं कंट्रोल-ओ, आणि त्यापुढे 'राइट आउट'. मी कॉन्व्हेंटमधली, पहिलीपासून इंग्रजीत शिकलेली, तरी 'राइट आउट' म्हणजे सेव्ह हे मला एकदा करून बघितल्यावरच कळलं. मग माझ्या शेजारच्या मुलाने काय करायचं? दोन ओळी असणं पुरत नाही. त्यांत काय लिहायचं हा डोकं लावायचा भाग आहे, आणि तिथे बहुतेक जण डोकं लावत नाहीत. (२०२४ मध्ये आलेल्या नॅनो ८.० मध्ये एक पर्याय दिलाय, ज्याने कॉपी, पेस्ट, अनडू आपल्या ओळखीच्या बटणांवर येतात. पण तो पर्याय आहे हे कळायलाही मॅन्युअलच वाचावं लागतं. असो.)

व्हिमकडे सूचना अजिबात नाहीत असं म्हटलं तर मात्र अन्याय होईल. नुसता 'व्हिम' असं टाइप करून उघडा. मधोमध छान लिहून येतं : बाहेर पडायला हे टाइप करा, मदतीला हे, आणि युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. ब्रॅम मोलेनारने १९९१ मध्ये व्हिम पहिल्यांदा बाहेर आणला, २०२३ मध्ये तो गेला, पण ते आवाहन त्याने वर्षानुवर्षं तिथे ठेवलं होतं. माणूस म्हणून तो केवढा मोठा होता ते यावरून कळतं. पण गंमत अशी, की फाईलचं नाव देऊन उघडलंत तर हे पान दिसतच नाही. आणि नवीन माणूस व्हिममध्ये शिरतो तो कसा? मॅन्युअलमध्ये छापलेला हुकूम फाईलच्या नावासकट मारतो. किंवा गिटमध्ये 'कमिट' म्हणतो, आणि गिटच एक फाईल हातात देऊन त्याला व्हिममध्ये ढकलून देतं. म्हणजे जो ठरवून, स्वतःच्या पायांनी आला त्याला बाहेरचा रस्ता दाखवायचा, आणि जो चुकून पडला त्याला नाही! स्टॅक ओव्हरफ्लोवर 'व्हिममधून बाहेर कसं पडायचं' हा प्रश्न २०१२ मध्ये कोणी तरी विचारला होता. २०१७ च्या मे महिन्यात त्या लोकांनी जाहीर केलं, की तो दहा लाख वेळा बघितला गेलाय. आपण त्यावर मीम्स बनवतो. पण एखाद्या बिल्डिंगचा जिना शोधायला दहा लाख वेळा विचारावं लागलं असतं, तर आर्किटेक्टवर मीम बनला असता, माणसांवर नाही.

व्हिमने एक गोष्ट मात्र छान केली आहे. घाबरून कंट्रोल-सी दाबलंत, तर खाली एक ओळ येते, की बाहेर पडायचं असेल तर असं असं टाइप करा. ही सूचना एरवी दिसत नाही, जागा खात नाही, जाणकाराला त्रास देत नाही. तुम्ही चुकलात की बरोबर त्या क्षणी येते. अगदी वर्डस्टारसारखी.

"सूचना दिल्या की मुलं शिकत नाहीत, आयतं मिळतं," हे दुसरं ठरलेलं वाक्य. मला उलट वाटतं. याकोब नील्सनची १९९४ ची एक यादी इंटरफेस शिकणाऱ्या सगळ्यांना वाचायला लागते. त्यात एक मुद्दा असा, की आठवायला लावण्यापेक्षा ओळखायला लावा. समोर लिहिलेलं दहा वेळा वाचून दाबलं की अकराव्या वेळी बोटं आपोआप जातात. दादरला रोज उतरणारा माणूस स्टेशनचा बोर्ड कुठे वाचतो? पण म्हणून रेल्वेने बोर्ड काढून टाकलेत का? आणि ज्याला बोर्ड खुपतो त्याने खुशाल झाकावा. नॅनोमध्ये ऑल्ट-एक्स दाबलं की त्या दोन ओळी जातात, लिहायला जागा मिळते. भांडण संपलं. प्रश्न एवढाच, की पहिल्यांदा उघडताना काय दिसावं.

आणि तिसरं वाक्य : "व्हिम जास्त पॉवरफुल आहे." मान्य! एकदम मान्य. मी स्वतः आता व्हिमच वापरते. अवतरणचिन्हांतला मजकूर तीन बटणांत बदलणं, आणि मग नुसतं टिंब दाबून तेच पुन्हा करणं, याची चटक लागली की सुटत नाही. पण मला ते शिकवलं एका चुलत भावाने, घरी बसून, चहा पीत. त्याआधी मी पहिल्यांदा व्हिममध्ये अडकले तेव्हा काय केलं माहितीये? खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं. मला हसणारं तिथे कोणी नव्हतं, शेजारी एक्स्टर्नल नव्हते, इतकंच. ज्याला असा भाऊ नाही, त्याच्यासाठी निदान पडद्याने तरी बोलावं.

हे आता तिकडच्या लोकांनाही पटायला लागलंय. फेडोराने २०२० मध्ये आवृत्ती ३३ पासून आपला नेमून दिलेला एडिटर व्हीआयऐवजी नॅनो केला. हेलिक्स नावाचा नवा एडिटर व्हिमच्याच घराण्यातला, मोड वगैरे सगळं आहे, पण स्पेसबार दाबलात की कोपऱ्यात चौकट उघडते आणि पुढे काय काय दाबता येईल ते दाखवते. इमॅक्ससारख्या जुन्या खोडानेसुद्धा २०२५ मध्ये, आवृत्ती ३० मध्ये, अशीच सोय आतच घेतली : पहिलं बटण दाबून थांबलात की यादी येते. आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या टर्मिनलसाठी 'एडिट' नावाचा चिमुकला एडिटर आणला, वरती मेनू असलेला. तो करताना व्हिममधून बाहेर न पडता येण्याचा जुना विनोद त्यांनी स्वतःच आठवला होता. जे वर्डस्टारला १९७८ मध्ये सुचलं ते फिरून आलंय. आमच्या लॅब मॅन्युअलपर्यंत यायला किती वर्षं लागतात बघायचं.

मी वाट बघितली नाही. या सेमिस्टरच्या सुरुवातीला लॅबमध्ये जाऊन विचारलं, की मॅन्युअलमध्ये व्हीआयच्या शेजारी नॅनोही छापा, तो उबुंटूत आधीपासून आहेच, इन्स्टॉलसुद्धा करायचा नाही. किंवा व्हिमच्या सेटिंगच्या फाईलमध्ये दोन ओळी टाकून तळाच्या पट्टीत बाहेरचा रस्ता लिहा. उत्तर मिळालं, "शिकतील हळूहळू."

मग मी आणि तो शेजारचा मुलगा, आम्ही दोघांनी कागदाच्या पट्ट्या कापल्या. मजकूर त्यानेच लिहिला, कारण कुठे अडतं ते त्याला माझ्यापेक्षा बरोबर माहीत होतं. मी लिहिणार होते, "सेव्ह करून बाहेर पडण्यासाठी". त्याने लिहिलं : "लिहायला आय दाबा. अडकलात? एस्केप दाबा, मग कोलन डब्ल्यू क्यू, मग एंटर. कंट्रोल-झेड दाबू नका, फाईल जाते." मी म्हटलं, अरे जात नाही, झोपते. तो म्हणाला, "तुझ्यासाठी झोपते. ज्याला उठवता येत नाही त्याच्यासाठी गेलीच की." ते वाक्य मी तसंच राहू दिलं. वीस मॉनिटरांच्या खालच्या कडेला पट्ट्या लावल्या. महिनाभर कोणी काही बोललं नाही, आणि सेकंड इयरच्या मुलांनी आम्हाला कोलन कुठे असतो हेही विचारलं, तेव्हा शिफ्टची एक पट्टी आणखी लावली.

इंटर्नलच्या आदल्या दिवशी त्या काढायला लावल्या. कॉपी समजली जाईल म्हणून. आता परीक्षा सम-विषम काढता येण्याची होती की एस्केप दाबता येण्याची, हे मला डिपार्टमेंटने लेखी कळवावं, अशी विनंती मी या पानावरून करते आहे. पट्ट्या माझ्या बॅगेत आहेत. इंटर्नल संपली की परत लावणार आहोत.